नाकापेक्षा जड मोती विकणाऱ्या महोदयांस

प्रति,
हाय-फाय दालनातले ‘ध्वनितज्ज्ञ’ महोदय,



तुमचं नाव, तुमच्या दुकानाचं नाव आणि गाव या पत्रात कुठेही येणार नाही. माझं भांडण तुमच्या धंद्याच्या रीतीशी आहे आणि ती रीत पाळणारे तुमचे व्यवसायबंधू भरपूर आहेत. हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं त्यांच्यातल्या ज्याला वाटेल, त्याने ते स्वतःचंच समजावं.

आरोप सरळ आहे. माझे मामा निवृत्त मुख्याध्यापक. १०,००० रुपयांच्या आतला एखादा बरा डॅक घ्यावा म्हणून ते तुमच्याकडे आले होते. तुम्ही त्यांच्या गळ्यात ८२,००० रुपयांचा डॅक मारलात. त्यांचा ॲम्प्लिफायर २५,००० चा आणि स्पीकरची जोडी ३२,००० ची, हे त्यांनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. म्हणजे जे प्रत्यक्ष वाजतं, त्या सगळ्याच्या एकूण किमतीपेक्षा तुमचा डबा महाग. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मोती तुम्ही पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला विकलात आणि वर “काका, कानाला तडजोड नको” असा उपदेशही केलात.

मामांची गरज खरी होती, म्हणून राग जास्त येतो. त्यांचा ॲम्प जुना, मागे फक्त लाल-पांढऱ्या आरसीए पिनांच्या जागा. नव्या टीव्हीला त्या पिनाच नाहीत, एक ऑप्टिकलचं भोक तेवढं आहे. फोनचं हेडफोनचं भोकही गेलं. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ते काढलं आणि पुढे बहुतेकांनी तोच कित्ता गिरवला. गाणी सगळी आकड्यांत, ॲम्पला हवी विजेची लहर. मधे दुभाषा हवाच. तो दुभाषा म्हणजे डॅक. हे काम आज कमी पैशांत चोख होतं आणि हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसेल, तर पाटीवरचा ‘तज्ज्ञ’ हा शब्द आजच पुसा.

आधी तुमच्या त्या चित्राबद्दल बोलू. बिलाच्या मागे पेनाने एक लहर काढून तिच्यावर तुम्ही जिन्यासारख्या पायऱ्या काढल्यात आणि मामांना म्हणालात, “स्वस्त डॅकचा आवाज असा पायऱ्यापायऱ्यांचा येतो. आपला डॅक त्या पायऱ्या गुळगुळीत करतो.” तो कागद मामांनी जपून ठेवलाय. मुख्याध्यापक आहेत, कागद जपतात.

महोदय, सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना ६५,५३६ पातळ्यांपैकी एका पातळीवर नोंदलेला असतो. माणसाचा कान, तोही तरुण आणि निरोगी, साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. एखाद्या लहरीतल्या सर्वात उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घेतले, तर त्या नमुन्यांतून मूळ लहर पूर्णपणे पुन्हा उभी करता येते. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली हे गणिताने मांडलं. डॅकमधला फिल्टर नेमकं हेच करतो, म्हणून बाहेर पडते ती सलग लहर; तिला पायऱ्या नसतात. ऑग व्हॉर्बिस हे ध्वनीचं स्वरूप तयार करणारे ख्रिस माँटगोमेरी यांनी २०१३ साली एका चित्रफितीत जुन्या ॲनालॉग ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हे करून दाखवलं. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवरून बाहेर आलेली लहर पडद्यावर स्वच्छ गोल दिसते. फिल्टर मुद्दाम काढून टाकलेले काही हौशी डॅक मिळतात, त्यांच्या लहरीला पायऱ्या दिसतात. गंमत अशी की तुमच्या दालनात तसले डॅकही आहेत आणि ते तुम्ही ‘नैसर्गिक आवाजाचे’ म्हणून विकता. पायऱ्या एका कपाटात दोष आणि शेजारच्या कपाटात गुण कशा होतात, हे एकदा गिऱ्हाइकाला समजावून सांगा.

१९८२ साली सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हा त्याची किंमत १,६८,००० येन होती. फिलिप्सच्या पहिल्या यंत्रांत तर १४ बिटचे डॅक होते आणि जादा नमुन्यांच्या युक्तीने त्यांतून १६ बिटचं काम काढलं जाई. त्या काळी डॅक ही खरोखरच अवघड आणि महाग वस्तू होती, त्यासाठी पैसे मोजणाऱ्याला कुणी हसू नये. त्यानंतर चार दशकं गेली. ॲपलची इवलीशी यूएसबी-सी ते हेडफोन डोंगल अमेरिकेत ९ डॉलरला मिळते आणि तिच्या टोकात पूर्ण डॅक बसवलेला असतो. तिथल्या आवृत्तीच्या स्वतंत्र मापनांत गोंगाट आणि विकृती मिळून मूळ संकेताच्या सुमारे ९९ डेसिबल खाली आढळली. सीडीच्या १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादाच ९८ डेसिबलच्या आसपास आहे. बोटाच्या पेराएवढी वस्तू हे करते, तेव्हा ८२,००० रुपयांच्या डब्याने वेगळं काय केलं हे सांगण्याची जबाबदारी तुमची आहे.

तुमचा हुकमी एक्का म्हणजे तो ‘डेमो’. मामा त्याला भुलले, कोणीही भुललं असतं. आधी ९,००० चा डॅक लावलात, मग ८२,००० चा. एकच बंदिश, तोच ॲम्प, तेच स्पीकर, आवाजाचं बटण जागच्या जागी. “बघा, हात लावत नाही,” असं तुम्ही मुद्दाम म्हणालात. दुसऱ्या वेळी तानपुरा भरून आला, तबल्याला वजन आलं, गायकाचा श्वास ऐकू आला. मामांनी खिशातून कार्ड काढलं.

दोन्ही डॅकची माहितीपुस्तकं मी नंतर वाचली. स्वस्त डॅकचं पूर्ण पातळीवरचं आउटपुट २ व्होल्ट, महागाचं २.५ व्होल्ट. म्हणजे बटणाला हात न लावताही दुसरा डॅक १.९ डेसिबल मोठ्याने वाजत होता. एवढा फरक ‘आवाज वाढला’ असा जाणवत नाही. तो ‘आवाज सुधारला’ असा जाणवतो. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की पातळी वाढली की खर्जाची जाणीव मध्य सप्तकापेक्षा भराभर वाढते. तबल्याला वजन आलं ते यामुळे. बटणाला हात न लावणं हीच तुमची हातचलाखी होती. प्रामाणिक माणसाने बटणाला हात लावून दोन्ही पातळ्या सारख्या केल्या असत्या.

ते कसं करायचं, हेही लिहितो, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला सबब सांगता येणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या कुठल्याही दुकानात काही शे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. १०० हर्ट्झचा एक सलग सूर लावायचा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन काड्या स्पीकरच्या टर्मिनलांना लावायच्या आणि आकडा टिपायचा. डॅक बदलला की आवाजाचं बटण किंचित फिरवून तोच आकडा आणायचा. फरक एक टक्क्याच्या आत आला, तर पातळ्या ०.१ डेसिबलच्या आत जुळल्या. मग ऐकणाऱ्याला दिसणार नाही अशा रीतीने डॅक अदलून-बदलून लावायचे आणि विचारायचं, कोणता वाजतोय. लाखाच्या वस्तू विकणाऱ्याकडे ही सोय नसावी?

मी ती मामांच्या घरी केली. एका मित्राचा स्वस्त डॅक आणला, दोन्ही डॅकवर टॉवेल टाकला, पातळ्या जुळवल्या. मल्लिकार्जुन मन्सूर लावले, कारण ते मामांचं दैवत आणि त्यांची प्रत्येक हरकत मामांना पाठ. मामा डोळे मिटून, मान किंचित डावीकडे झुकवून बसले होते. मैफलीतही ते तसेच बसतात. पहिल्यांदा ठामपणे म्हणाले, “हा आपला.” तो मित्राचा होता. पुढे कौल कधी इकडे, कधी तिकडे. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “अरे, टॉवेल काढ आणि सांग, आता कोणता चालू आहे?” मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी त्या माणसावर विश्वास ठेवला रे.” महोदय, तुमच्या बिलातली सर्वात मोठी रक्कम ही आहे आणि ती परत करायची सोय कुठल्याच दुकानात नसते.

एका घरातली चाचणी म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला कळतं. मोठी चाचणी हवी असेल तर तीही आहे. २००७ साली ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरॅन यांनी अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणांचा संकेत एकदा थेट ऐकवला आणि एकदा मधे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचं रूपांतर घालून. म्हणजे रूपांतराची एक अख्खी जोडी जादा: ॲनालॉगचं डिजिटल आणि पुन्हा डिजिटलचं ॲनालॉग. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी हाच निकाल लागला असता.

दुसरी बाजूही सांगतो, कारण अर्धं सत्य सांगण्याचा मक्ता तुमचा आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचे जोशुआ रीस यांनी २०१६ साली अशा १८ प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. श्रोत्यांची उत्तरं सरासरी ५२.३ टक्के वेळा बरोबर निघाली. प्रशिक्षण घेतलेल्यांची त्याहून चांगली. म्हणजे सीडीच्या वरच्या दर्जात सराईत कानाला काही जाणवतही असेल, पण ते किती बारीक आहे पाहा. तुमच्या दालनात मात्र हाच फरक “पडदा बाजूला झाल्यासारखा” असतो आणि पहिल्याच मिनिटाला पंचाहत्तरीच्या माणसालाही ऐकू येतो. वय वाढतं तसे वरचे सूर कानातून आधी जातात, ही साधी गोष्ट कानाचे कुठलेही डॉक्टर सांगतील. तुम्ही ती पंचाहत्तरीच्या गिऱ्हाइकाला सांगितली नाहीत.

नावांच्या आणि शिक्क्यांच्या जोरावर आवाज विकणं ही तुमची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या एलपी शुद्ध ॲनालॉग म्हणून रसिकांनी डोक्यावर घेतल्या होत्या. २०२२ साली कंपनीने मान्य केलं की त्यांतल्या अनेकांच्या वाटेत डिजिटल टप्पा होता. डिजिटलचा वास दुरूनही सहन होत नाही म्हणणाऱ्यांनी त्याच तबकड्यांची स्तुती केली होती. प्रकरण कोर्टात गेलं, भरपाईपर्यंत पोचलं. दुसरा शिक्का एमक्यूए या ध्वनिस्वरूपाचा. २०१४ मध्ये तो आला, डॅकच्या खोक्यांवर झळकला आणि त्याच्या परवान्याचा खर्च किमतीत शिरला. त्यात मूळची सगळी माहिती टिकत नाही, हे हळूहळू उघड झालं. २०२३ मध्ये त्यामागची कंपनी प्रशासकाच्या हाती गेली आणि २०२४ मध्ये टायडल या सेवेनेही एमक्यूए सोडून फ्लॅक हे खुलं स्वरूप धरलं. मामांच्या खोक्यावर तो शिक्का आहे. तुम्ही त्यावर बोट ठेवून म्हणाला होतात, “हे भविष्य आहे.” ज्या वस्तूची मूठमाती आधीच झाली होती, तिला भविष्य म्हणून विकलंत.

तुमचा आणखी एक मंत्र चिपचा. “काका, आत जपानी चिप आहे, त्यामुळे आवाजात ऊब.” ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका इथल्या एकेएम कंपनीच्या चिप कारखान्याला मोठी आग लागली आणि पुरवठा आटला. मग अनेक उत्पादकांनी अमेरिकेच्या ईएसएस कंपनीच्या चिप घेऊन आपले डॅक नव्याने आखले. आराखडा नीट असेल तर दोन्ही चिपांनी काम चोख होतं. चिप एकटी काही करत नाही. तिला मिळणारी वीज किती स्वच्छ आहे, घड्याळ किती स्थिर आहे, तिच्यापुढचं आउटपुट सर्किट कसं आहे, यावर सगळं ठरतं. हे मापनात दिसतं. ऊब दिसत नाही, म्हणून तुम्ही ऊब विकता.

आता जे तुम्ही सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाहीत, ते मीच वाचकांना सांगतो.

डॅक घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो. आवाज येणार कुठून, हा असतो. टीव्हीवरून येणार असेल तर डॅकला ऑप्टिकल इनपुट हवंच. टॉपिंगच्या डी१०एस या लोकप्रिय डॅकच्या मागे ऑप्टिकलचं भोक दिसतं, पण ते आउटपुट आहे. त्या डॅकला आवाज फक्त यूएसबीनेच द्यावा लागतो. लॅपटॉपवाल्याला तो उत्तम, टीव्हीवाल्याला निरुपयोगी. खोक्यावर ‘इन’ लिहिलंय की ‘आउट’, हे पाहायचं ते यासाठी. शीटचा मोडी, एसएमएसएलचा एसयू-१ असे डॅक तिन्ही वाटांनी आवाज घेतात, यूएसबी, ऑप्टिकल आणि कोएक्सियल. अमेरिकेत अशा वस्तू १०० डॉलरच्या आसपास मिळतात. आपल्याकडे येताना सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरून त्या महागतात, तरीही मामांच्या मूळ अंदाजाच्या फार पलीकडे जात नाहीत.

दुसरी गोष्ट टीव्हीच्या सेटिंगची. ऑप्टिकलमधून डॉल्बीचा संकेत बाहेर पडत असेल, तर साध्या डॅकला तो उलगडता येत नाही. आवाज येतच नाही किंवा नुसती खरखर येते. टीव्हीच्या ध्वनीच्या यादीत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवलं की प्रश्न मिटतो. हे न सांगितल्यामुळे किती चांगले डॅक ‘बिघडलेले’ म्हणून परत गेले असतील! आणखी एक, बऱ्याच टीव्हींच्या रिमोटने ऑप्टिकलचा आवाज कमी-जास्त होत नाही. ॲम्पला रिमोट नसेल तर आवाज नियंत्रित करणारा, रिमोटवाला डॅक घ्यावा, म्हणजे दर जाहिरातीला उठावं लागणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी ही सोय हजार गुणविशेषांवर भारी आहे.

तिसरी गोष्ट घूं आवाजाची. लॅपटॉप चार्जरला लावून यूएसबीने डॅक जोडला की पुष्कळ घरांत स्पीकरमधून घुमणारा बारीक आवाज येतो. अर्थिंगचे दोन रस्ते एकमेकांत अडकल्याचा तो परिणाम. तुमच्यासारखे लोक यावर ६,००० ची यूएसबी केबल सुचवतात. एक क्षण चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर रोग कळला. औषध ऑप्टिकल केबल. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे तो रस्ताच तुटतो.

यूएसबीसाठी वेगळा ड्रायव्हर लागेल का, हीही एक भीती घातली जाते. मॅक आणि अँड्रॉइडला सहसा लागत नाही, आणि विंडोज १० मध्ये २०१७ पासून त्याची सोय आतच आहे.

स्वस्त म्हणून काहीही उचलावं, असं मात्र मी म्हणत नाही. तीन-चारशे रुपयांचे बिननावाचे ऑप्टिकल-ते-आरसीए डबे बाजारात ढिगाने आहेत. त्यांत ओळखीच्या चिपचा पत्ता नसतो, शांत जागी फुसफुस ऐकू येते आणि पिना महिनाभरात सैल होतात. ज्याची मापनं प्रसिद्ध आहेत, ज्याला भारतातलं बिल आणि हमी आहे, ज्याचं आरसीए आउटपुट २ व्होल्टच्या आसपास आहे, तो घ्यावा. महागडा डॅक हौसेने घेणाऱ्याशीही माझं भांडण नाही. त्याची बांधणी देखणी असते, जोडण्या जास्त असतात, आत स्ट्रीमिंगची सोय असते. ‘देखणा आहे म्हणून घ्या’ असं म्हणाला असतात, तर हे पत्र लिहिलंच नसतं.

मामांच्या खोलीबद्दल तुम्ही त्यांना एक शब्द विचारला नाहीत, याचा मला सर्वात जास्त राग आहे. खोली १२ फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट, सिमेंटच्या उघड्या भिंती, खाली टाइल्स. अशा खोलीत आवाजाच्या लहरी समोरासमोरच्या भिंतींत अडकून साठतात. हिशेब सोपा आहे, ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट. १२ फुटांना ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६, उंचीला ५९. तीन आकडे एकमेकांना खेटून. म्हणून त्या खोलीत डग्गा कधी गुरगुरतो, कधी नाहीसा होतो, आणि खुर्ची दोन फूट सरकवली की सगळं बदलतं. हे चढ-उतार दहा-दहा डेसिबलचे असू शकतात. त्यात चांगल्या स्पीकरचीही खर्जातली विकृती टक्क्याच्या घरात जाते, आणि साध्या चांगल्या डॅकची ०.००१ टक्क्याच्या आसपास असते. मामांची तक्रार “तबला भरून येत नाही” ही होती. दोष खोलीचा आणि स्पीकर ठेवायच्या जागेचा. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, आणि फाशीचे पैसेही मामांकडूनच घेतलेत.

एका रविवारी आम्ही स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, त्यांचे वरचे छोटे पडदे बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणले, मामांची खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढे घेतली, टाइल्सवर जाड सतरंजी घातली आणि पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला नेलं. खर्च शून्य. तबला भरून आला. हा फरक ऐकायला डोळे मिटावे लागले नाहीत आणि मल्टिमीटरही लागला नाही, स्वयंपाकघरातून मामी विचारायला आल्या, “काय नवीन आणलंत?”

मामांच्या संग्रहात बरंचसं आहे ते जुनं: आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेलं नाट्यसंगीत, जुन्या टेपा. त्यांच्यावरची सळसळ मूळ माध्यमाचीच आहे. ज्या फितीवर उच्च स्वर चढलाच नाही, तो आठ हजारांचा डॅक देणार नाही आणि ऐंशी हजारांचाही देणार नाही. फुकटच्या चित्रफितींतून येणारा दाबून लहान केलेला आवाजही डॅकने मोठा होत नाही. त्यापेक्षा चांगल्या प्रतीचं मुद्रण शोधावं. ॲपल म्युझिक २०२१ पासून वेगळे पैसे न घेता पूर्ण दर्जाचा आवाज देतं. जुन्या सीडी आजही रद्दीच्या दुकानांत मिळतात आणि सीडी प्लेअर जोडायला त्याच साध्या डॅकचं कोएक्सियल इनपुट पुरतं. तुम्ही उकळलेल्या जादा पैशांत मामांना याहून कितीतरी सरस स्पीकर आले असते, उरलेल्या पैशांत डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन समोर बसून ऐकता आलं असतं.

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, मामांचा डॅक परत घ्या. खोकं, बिल, केबल सगळं जागेवर आहे, तुमच्या बिलावरची मुदतही अजून संपलेली नाही. दुसरी, दालनात मल्टिमीटर ठेवा आणि पातळ्या जुळवल्याशिवाय एकही तुलना ऐकवू नका. तिसरी, गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या खोलीचं माप, स्पीकर आणि आवाजाचा स्रोत विचारा. मगच किंमत काढा. यातलं काहीच जमणार नसेल, तर तज्ज्ञ म्हणवून घेऊ नका. विक्रेता हा शब्द पुरेसा आहे आणि तो कमीपणाचाही नाही.

आणि वाचकहो, तुम्हाला विनंती. घरच्या हाय-फायसाठी दहा-बारा हजारांच्या आतला नीट मोजलेला डॅक पुरतो, त्याहून जास्त पैसे असतील तर ते स्पीकरवर, खोलीवर आणि चांगल्या मुद्रणांवर घाला. दुकानात दोन डॅकची तुलना ऐकवली गेली, तर एकच विचारा: “पातळ्या जुळवल्यात का? दाखवा.” उत्तर मिळालं नाही, तर कार्ड खिशातच राहू द्या.

आपला,
एका फसलेल्या गिऱ्हाइकाचा भाचा